निरंक आणि कोरं

आई गेली आणि आठ महिन्यांनी माझे वडील आमच्याकडे बहरीनला आले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. येणार नाही, येणार नाही म्हणत होते, शेवटी मी तिकीटच काढून पाठवलं. जानेवारीचे दिवस होते, इथली हवा वर्षातली सगळ्यात चांगली असते तेव्हा. विमानतळाबाहेर आले ते अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि हातात एकच बॅग घेऊन. बॅगेचं निम्मं वजन माझ्यासाठी आणलेल्या हुलग्याच्या पिठाचं होतं.

आम्ही बुदैयाला राहतो. हायवेच्या एका अंगाला जुनी गावं आणि खजुराच्या बागा, दुसऱ्या अंगाला नवे व्हिला. अशा व्हिलांच्या मागच्या इमारतीत आमचा फ्लॅट. इथे चालत कुणी कुठे जात नाही. अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी चपला घातल्या आणि निघाले. तासाभराने एक पिकअप आमच्या फाटकाशी थांबली. आतून आधी अण्णा उतरले, मग पांढऱ्या पायघोळ थोबातले एक वयस्क बहरीनी शेतकरी. रस्त्याच्या कडेने एकटा म्हातारा माणूस चाललाय म्हणजे हरवलाच असणार, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी अण्णांना घरी तर सोडलंच, वर जिरजीरच्या पाल्याची मोठी जुडी हातात दिली. अण्णा मला म्हणाले, "काय बोलत होते कळलं नाही. पण माणूस चांगला आहे. विहिरीचं पाणी खारट झालंय त्यांच्या."

"ते कसं कळलं मग?"

"हाताने दाखवलं की. ओंजळ धरली आणि तोंड वाकडं केलं."

असे ते दोन-तीनदा पिकअपमधून परत आले. मग चालणं बंद करून बाल्कनीत बसायला लागले. माझा नवरा मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर, तो सकाळी सहाला जायचा. नऊ वर्षांची मुलगी शाळेत. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचे, पण काम म्हणजे लॅपटॉपला डोळे लावून बसणं. घरात दोघं असून आवाज फक्त फ्रिजचा. आईचं नाव ते काढत नव्हते आणि मीही नाही.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी संख्याशास्त्र शिकले आणि फिरत फिरत साथरोगांच्या कामात आले. मनामातल्या आमच्या छोट्या ऑफिसात सहा माणसं आहेत. आफ्रिकेतल्या काही देशांत पुढच्या चार आठवड्यांत कुठे साथ येऊ शकेल, याचा आधीच अंदाज बांधणारं एक एआय मॉडेल आम्ही तयार करतो. त्यातला मलावी हा देश माझ्याकडे आहे. मोठ्या तळ्याच्या कडेने पसरलेला, पावसाळ्यात जिथे कॉलऱ्याची भीती असते असा. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी हाताने भरलेल्या साप्ताहिक तक्त्यांचे फोटो आणि काही ठिकाणांहून मोबाईलवर भरलेले फॉर्म आमच्याकडे येतात. मॉडेल ते अक्षर वाचतं, पाऊस, तापमान आणि तळ्याची पातळी यांच्याशी जोडतं आणि नकाशा रंगवतं. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे ठीक. तो नकाशा पाहून तिथले लोक औषधं, क्लोरीन आणि माणसं आधीच हलवून ठेवतात. तक्त्यांवर रुग्णांची नावं नसतात, फक्त गावं आणि आकडे.

एका दुपारी अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर असाच एक तक्ता उघडा होता. निळ्या शाईचा, एका कोपऱ्यावर पाण्याचा डाग पडलेला.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि बसले. इतकी वर्षं मी काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही नीट सांगितलं नव्हतं. "कॉम्प्युटरचं काहीतरी," एवढंच ते गावात सांगायचे.

आणि खरं तर हे काम त्यांना सांगायला सगळ्यात सोपं होतं. अण्णा तेहतीस वर्षं आरोग्य सेवक होते. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली उपकेंद्रं त्यांनी पायी पालथी घातली. तापाच्या माणसाच्या बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करायची, विहिरीत टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची पावडर टाकायची, दाराशेजारी भिंतीवर भेटीची तारीख आणि सही करायची आणि शनिवारी सगळ्या वाड्यांचा अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा. लहानपणी त्यांच्या सायकलीला नेहमी ब्लीचिंगचा वास यायचा.

त्यांनी स्क्रीनवर बोट न टेकवता हवेतच रेघ ओढली. "हा रकाना जुलाबाचा?"

"हो. कसं ओळखलंत?"

"शेवटून दुसरा. आमचाही तिथेच असायचा." मग जरा वेळाने, "ह्या गावापुढे कोरं आहे. ते तुमचं मशीन काय धरतं?"

उत्तर मला माहीत होतं. मॉडेल कोऱ्या जागेला शून्य धरत होतं. दीड वर्षापूर्वी सुरुवातीच्या घाईत ती एक ओळ मीच लिहिली होती. रिकाम्या जागा असल्या की गणित अडायचं, म्हणून. नंतर नीट बघू म्हणून ठेवलेलं ते तसंच राहून गेलं.

"शून्य," मी म्हटलं.

अण्णांनी चष्मा काढला. "असं कसं करून चालेल, बाळ? निरंक वेगळं आणि कोरं वेगळं. निरंक म्हणजे मी गेलो, घरं फिरलो, कुणी आजारी नव्हतं. कोरं म्हणजे मी गेलोच नाही."

ते रागावले नव्हते. माझी पाटी तपासताना बोलायचे त्याच आवाजात बोलले. मी ताबडतोब नकाशा उघडला. तळ्याच्या दक्षिण काठाला मासेमारीच्या वस्त्या आहेत, होडीशिवाय जाता येत नाही अशा. तिथून क्वचितच तक्ता येतो. आणि आमच्या नकाशावर त्या सगळ्या वस्त्या छान हिरव्यागार होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हे सांगितलं. आमची प्रमुख इथल्याच मुहर्रक शहराची आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, स्वतः डॉक्टर. तिने सगळं ऐकून घेतलं. ती ओळ कुणाची हे तिने विचारलं नाही, मीच सांगितलं. ती म्हणाली, "ओळ सापडली ना? खलास. आता ती कशी काढायची ते सांग. आणि तुझ्या वडिलांना अजून काय दिसतंय ते विचार."

काढणं सोपं नव्हतं, कारण पुढचं कोडं त्याहून मोठं निघालं. मलावीतल्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर देखरेख करणारी एक बाई आहे. दर मंगळवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. तिचं ऑफिस म्हणजे एक टेबल, मागे लसींचा फ्रिज आणि खिडकीतून दिसणारं आंब्याचं झाड. मी तिला कोऱ्या जागांबद्दल विचारलं, तशी ती हसायला लागली.

"तुला फोटोत कोरं तरी दिसतंय," ती म्हणाली. "मोबाईलवर भरलेले फॉर्म बघ. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही. मग आमची माणसं शून्य टाकतात आणि मोकळी होतात. त्यांचा काय दोष?"

म्हणजे शून्यांतही खरी आणि खोटी अशी सरमिसळ होती. दोन्ही दिसायला सारखी.

मी कॉल चालू असतानाच अण्णांना हाक मारली. ते संकोचले, आत जाऊन शर्ट बदलून आले आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडले. तिनेही हात जोडले. ती त्यांना "बाम्बो" म्हणाली. तिच्या भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात. मी मध्ये बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत राहिले.

तिने पहिला प्रश्न विचारला तो आकड्यांचा नव्हताच. "बाम्बोंना विचार, नदीला पाणी असताना ते पलीकडे कसे जायचे?"

"नाही जायचो," अण्णा म्हणाले. "दोनदा वाहून जाता जाता वाचलो, मग बायकोने शपथ घातली."

तिने मान हलवली. "माझ्या माणसांनाही मी तेच सांगते." आणि मग दोघं बोलतच राहिले. क्लोरीनच्या पाण्याला वास येतो म्हणून लोक ते ओतून देतात, हे तिकडेही तसंच. डॉक्टर आले की सगळे बरे असतात आणि गाडी वळली की आजारी पडतात, हेही. माझं भाषांतर मागे पडायला लागलं तरी त्यांचं अडत नव्हतं.

कॉल संपल्यावर अण्णा म्हणाले, "मला त्यांचे अजून कागद दाखव. शंभर-दोनशे दाखव."

पुढचे आठ दिवस ते रोज माझ्या शेजारी बसले. मी तक्ते सरकवायचे, ते बघायचे. इंग्रजी त्यांना बेताचं येतं, पण आकडे आणि रकाने वाचायला तेवढं पुरेसं होतं. शाळेतून आल्यावर माझी मुलगी त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर बसायची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. "आजोबा, आर यू अ डिटेक्टिव्ह?" तिने विचारलं. अण्णांना डिटेक्टिव्ह शब्द कळला. ते म्हणाले, "नाही गं. मी फक्त ह्याच शाळेत शिकलोय."

आठव्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि दोन तक्ते समोरासमोर ठेवायला सांगितले. दोन्हींत एकेका गावापुढे जुलाबाच्या रकान्यात शून्य होतं.

"हा माणूस गेला होता," डावीकडचा दाखवत ते म्हणाले. "बघ, जुलाब शून्य, पण खोकला तीन, जखम एक, खरूज दोन, गरोदर बाईची तपासणी एक. गावात माणूस गेला की काहीतरी सापडतंच. निदान खरूज तरी. आणि हा दुसरा बघ. सगळीकडे शून्य. ताप नाही, खोकला नाही, पोराचा गुडघा फुटला नाही. असं गाव मी तेहतीस वर्षांत बघितलं नाही. हा गेलाच नव्हता."

इतकं साधं होतं ते. आमच्या ऑफिसातल्या सहा शिकल्या-सवरलेल्या माणसांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण आम्ही प्रत्येक रोगाचा रकाना वेगळा काढून बघत होतो. आख्खी ओळ एका माणसाचा दिवस म्हणून कुणी वाचलीच नव्हती.

"तुम्हाला इतकं बरोबर कसं कळतं?" मी कौतुकाने विचारलं.

ते कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तो एकच कप विसळत राहिले.

त्याचं उत्तर मला चार दिवसांनी मिळालं. मुलीला आणायला आम्ही दोघं गाडीतून शाळेपाशी गेलो होतो. सुटायला वीस मिनिटं होती. गाड्यांची रांग लागलेली, काचा खाली, हलका वारा येत होता. अण्णा समोर बघत म्हणाले, "मीही लिहिलंय तसं. सगळं शून्य."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"तू दुसरीत होतीस. टायफॉईड झाला होता तुला. आठवतं?"

आठवत होतं. आजारपणाचं दुखणं नाही, पण अण्णा आठवत होते. दिवसभर घरी असलेले अण्णा. मोसंबीची साल एका लांब पट्टीत सोलणारे, पेजेवर फुंकर घालून चमचा पुढे करणारे, उशाशी बसून कपाळावरची घडी बदलणारे. लग्नानंतर नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं होतं, की माझ्या लहानपणीचा सगळ्यात सुखाचा आठवडा म्हणजे मी टायफॉईडने आजारी होते तो.

"रजा शिल्लक नव्हती," ते म्हणाले. "घाटाखालच्या वाडीची पाळी होती त्या आठवड्यात. मी गेलो नाही. तुझा ताप उतरत नव्हता. शनिवारी अहवालात वाडीपुढे निरंक लिहून दिलं. पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत. तिथल्या झऱ्याच्या पाण्यात घाण गेली होती. गॅस्ट्रो लागला. अहवाल निरंक, म्हणून कुणाला संशयच आला नाही. कळलं तेव्हा नऊ दिवस झाले होते. एक बाई गेली. लहान पोरांची आई होती. मी गेलो की गुळाचा चहा करायची."

रांगेतली पुढची गाडी थोडी सरकली. मीही गाडी सरकवली. काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटलं.

"डॉक्टरसाहेबांनी विचारलं, तुम्ही मागच्या आठवड्यात जाऊन आलात ना, तेव्हा ठीक होतं ना सगळं? मी हो म्हणालो." अण्णांचे हात मांडीवर होते, ते त्यांनी उलटे करून तळवे बघितले. "तुझ्या आईला तेवढं माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही. त्यानंतर जिथे गेलो नाही तिथे कोरं ठेवलं आणि तसं लिहून दिलं. त्याबद्दल मेमो खाल्ले. खाऊ दे."

"अण्णा, माझ्यामुळे..."

"नाही," ते लगेच म्हणाले. पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तसं मनात आणू नकोस. तुझ्याजवळ थांबलो त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. खोटं लिहिलं, त्याचं वाटतं. न गेल्याचं लिहिलं असतं तर दुसरं कुणीतरी गेलं असतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात मी कितीतरी वर्षांनी धरला असेन. आईच्या वेळीसुद्धा धरला नव्हता, तेव्हा सगळे नातेवाईक भोवती होते. आम्ही तसेच बसून राहिलो. मग शाळा सुटली, मुलगी धावत आली, दप्तर मागे टाकून म्हणाली, "व्हाय आर यू बोथ सो क्वाएट?"

"तुझी वाट बघत होतो," अण्णा म्हणाले आणि मागे हात करून तिची पाण्याची बाटली घेतली.

त्यानंतर रमझान सुरू झाला. ऑफिस दुपारी दोनला सुटायचं, रस्ते शांत असायचे आणि मला अण्णांबरोबर जास्त वेळ मिळायचा. सकाळी ऑफिसात आम्ही मॉडेल बदलत होतो. एका रकान्याऐवजी आख्खी ओळ एकत्र वाचायची, ओळ बघून त्या आठवड्यात माणूस गावात गेला असेल की नाही हे आधी ठरवायचं आणि गेला नसेल तर अंदाजच द्यायचा नाही. नकाशावर चौथा रंग आला. राखाडी. राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही.

पहिला नवा नकाशा प्रमुखबाईने मोठा करून बघितला. निम्मा जिल्हा राखाडी झाला होता. "एवढा पैसा आणि वेळ घालवून आपण सांगणार काय, तर माहीत नाही?" ती म्हणाली. मग स्वतःच हसली. "पण खरं आहे ते. यल्ला, चल, पाठव."

मलावीहून मात्र हसू आलं नाही. मंगळवारच्या कॉलवर ती बाई ताठ बसली होती. "हा नकाशा मी वरिष्ठांना दाखवू शकत नाही," ती म्हणाली. "ते म्हणतील, राखाडी दिसतंय तिथली माणसं कामच करत नाहीत. माझ्या लोकांना नोटिसा जातील. मग पुढच्या आठवड्यात काय होईल माहीत आहे? ते शून्याऐवजी कुठे दोन, कुठे तीन असं वाट्टेल ते लिहायला लागतील. तुझं मशीन खूश होईल."

ती बरोबर बोलत होती. मी अण्णांना सगळं मराठीत सांगितलं. आता ते कॉलच्या वेळी शर्ट बदलून आधीच बसलेले असायचे. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "तिला सांग, कारण लिहायला एक जागा दे. न जाण्याचं कारण. आणि त्या कारणावरून कुणाला नोटीस नाही, असं वरून लिहून घे. मला कुणी असं विचारलं असतं तर मी खरं लिहिलं असतं."

बाई पुढे झुकली. तिने कागद घेतला आणि आम्ही तिघांनी मिळून कारणं काढली. रस्ता किंवा नदी बंद. होडी किंवा मोटरसायकल नाही. पेट्रोल नाही. दुसरीकडे लसीकरणाची ड्यूटी.

"झालं?" तिने विचारलं.

अण्णा म्हणाले, "अजून एक. घरात आजारी माणूस."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तिने पेन थांबवून माझ्याकडे आणि मग अण्णांकडे बघितलं. कागदावर लिहिलं, मग ते सगळ्यांच्या वर घेतलं. "माझ्या लोकांचं हेच कारण सगळ्यात जास्त असतं," ती म्हणाली. "पण ते कधी सांगत नाहीत. विशेषतः बायका."

तिने वरिष्ठांकडून लिहून घेतलं. कसं घेतलं ते तिलाच माहीत. आम्ही फॉर्ममध्ये रिकामा रकाना ठेवण्याची सोय केली आणि खाली कारणांची यादी दिली. पहिल्या आठवड्यात फार कुणी वापरली नाही. दुसऱ्या आठवड्यात वापरली. राखाडी तसंच होतं, पण आता त्यावर बोट टेकवलं की कारण दिसायचं. जिथे होडी नाही तिथे होडी पाठवायची, जिथे कुणाचं मूल आजारी आहे तिथे त्या आठवड्यापुरता दुसरा माणूस पाठवायचा, असं ती ठरवू लागली.

असाच एक माणूस तिने दक्षिण काठाच्या एका वस्तीवर पाठवला. तिथली नेहमीची कर्मचारी बाळंतपणाला आलेल्या बहिणीपाशी थांबली होती आणि तिने तसं लिहिलं होतं. पाठवलेल्या माणसाला वस्तीत चार जण जुलाबाने पडलेले सापडले. त्याने तिथूनच फोन केला. तपासणीत कॉलरा निघाला. त्याच दिवशी क्लोरीन, सलाईन आणि मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं होडीने निघाली. नंतर आणखी काही जण आजारी पडले, एक म्हातारे कोळी वाचले नाहीत. पण आजूबाजूच्या वस्त्यांत साथ पोचली नाही. आमच्यामुळे पोचली नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही. न आलेल्या साथीचा पुरावा नसतो.

त्या बाईला मात्र असल्या शंका नव्हत्या. तिने अण्णांसाठी एक व्हॉइस मेसेज पाठवला. आधी तिच्या भाषेत, मग सावकाश इंग्रजीत. त्यात ती म्हणाली होती, की त्या वस्तीतल्या आयांच्या वतीने मी बाम्बोंचे आभार मानते, आणि ज्या मुलीने खरं कारण लिहिलं तिला मी सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी दिली.

अण्णांना मी तो मेसेज बाल्कनीत ऐकवला. मराठीत सांगितल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. भाषा कळत नव्हती तरी पहिला, तिच्या भाषेतला भागच त्यांना ऐकायचा होता. मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगायला हवं होतं हे."

आई गेल्यापासून तिचा नुसता ओझरता उल्लेख व्हायचा, आज पहिल्यांदा त्यांनी तिचा विषय काढला होता. आणि मग त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते तिच्याबद्दल बोलत राहिले. ती काचपट्ट्या कशा पुसून द्यायची, पावसाळ्यात त्यांचा डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत कसा बांधायची, मेमो आला की तो तांदळाच्या डब्याखाली कसा ठेवायची. वर्कशॉपमधून आलेला माझा नवरा कपडे न बदलता तसाच ऐकत बसला. मुलगी त्यांच्या पायाशी. इफ्तारची तोफ दूरवर वाजली, समोरच्या इमारतीतून तळणीचा वास आला, शेजारच्या बाईंनी नेहमीप्रमाणे सांबोशाची, म्हणजे इथल्या समोशांची ताटली आणून दिली. अण्णांनी त्यातला एक घेतला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला व्हिसा संपत आला आणि ते गेले. आम्ही व्हिसा वाढवून थांबा म्हटलं, पण त्यांना घरचं बघायला हवं होतं. निघताना ते पिकअपवाल्या शेतकऱ्यांना भेटून आले. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि आपापल्या भाषेत खूप काही सांगितलं. विमानतळावर मुलीने त्यांना वाकून नमस्कार केला, मी न सांगता.

त्यानंतर आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. जेवण, गोळ्या, शेजारी, वीज गेली, वीज आली. डिसेंबरमधल्या एका रविवारी सगळं बोलून झालं, आता ते फोन ठेवतील असं वाटलं, तर त्यांनी विचारलं, "तिकडे पाऊस लागला का?"

"अण्णा, बहरीनला कुठला पाऊस? जरा ढग आले होते परवा."

"तुमच्याकडे नाही गं," ते म्हणाले. "तिच्याकडे. तळ्याकाठी."

मी म्हटलं, थांबा, विचारते. अण्णा फोनवरच थांबले. मी दुसऱ्या फोनवरून तिला मेसेज केला. रविवार होता, ती चर्चमधून नुकतीच घरी आली असावी. लगेच उत्तर आलं. काल रात्री लागला, चांगला लागला, सकाळी सात वस्त्यांचे तक्ते आले आणि तीन ठिकाणांहून न जाण्याची कारणं आली, तीही तिने खाली लिहिली होती.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी कारणं कोणती ते एकेक करून विचारलं. मीही एकेक करून सांगितली.